गिअरबॉक्सवरचा शेवटचा हात

"बदलू की खोलून बांधू, उस्ताद? एकच काय ते सांगा."

दस्तगीर मिस्त्रींनी मान वर केली नाही. चिंचेखालच्या बाकड्यावर बसून ते इंजिनच्या जोडात बसवायचं पुठ्ठ्याचं पॅकिंग कापत होते. कात्री सावकाश चालली होती, पण रेषेवरून हलत नव्हती.

बसवराज उभाच राहिला. याच चिंचेखाली सात वर्षं हात काळे करून त्याने गडहिंग्लजच्या बायपासला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. काचेचं ऑफिस, गाडी उचलणारी लिफ्ट, आणि गाडीच्या पोटात काय दुखतंय ते पडद्यावर दाखवणारा स्कॅनर. गेल्या चार वर्षांत त्याने उस्तादांना काही म्हणून विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटतच नव्हतं.

आज मात्र तो गिऱ्हाइकाची पांढरी पिकअप थांबत थांबत, तिच्या नाकदुऱ्या काढत इथवर घेऊन आला होता.

गाडी गुरांच्या डॉक्टर नलिनी तेरणीकरांची. लहानपणापासून त्यांच्या डाव्या पायात जोर नाही, क्लच दाबता येत नाही, म्हणून त्यांनी हौसेने नव्हे तर गरजेने ऑटोमॅटिक घेतलेली. मागे औषधांची खोकी, सलाइनच्या बाटल्या, कधी एखादं आजारी वासरू. डोंगरावरच्या सगळ्या वाड्यांना गुरांचं बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यापासून चढ आला की इंजिन नुसतं ओरडायचं. गाडी जागची हलायची नाही.

"नवा गिअरबॉक्स मागवला तर यायला दोन महिने," बसवराज म्हणाला. "तोवर डॉक्टर घरात बसणार. खोलून बांधायचा तर लवकर हुईल, पण ह्या जातीचा मी कधी बांधलेला न्हाई. बिघडला तर बिघडला. त्या म्हणाल्यात, बसूभाऊ, तू म्हणशील ते. दुपारपर्यंत सांगायचंय त्यांना."

"तुझं मन काय म्हणतंय?"

"बदलावा."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. ते बसवराजलाही कळलं.

...

"शेवटचा हात कुणाचा?" उस्तादांनी विचारलं.

हा चिंचेखालचा जुना शिरस्ता. कुठलीही गाडी आली तरी पाना उचलण्याआधी हा प्रश्न व्हायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत उस्ताद बॉनेटला हात लावू देत नसत. बसवराजने शिकाऊ असताना तो शेकडो वेळा ऐकला होता. स्वतःच्या गॅरेजात पहिल्याच दिवशी सोडूनही दिला होता. स्कॅनर असताना असल्या चौकशा कोण करतो?

"स्कॅनरनं सांगितलंय की. आतल्या प्लेटा घसरायल्यात."

"मशिनला न्हाई विचारलं."

"दहा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालंय गाडीचं."

"झालंय. केलं कुणी?"

...

बसवराजने बुटाच्या टोकाने एक चिंचोका मातीत दाबला.

"मी."

आठवडाभर हा एवढासा शब्द त्याने कुणापुढे काढला नव्हता. गिअरबॉक्स खोलला तर आत काय झालं ते कळणार. बदलला तर जुना डबा भंगारात जाणार, आणि त्याच्याबरोबर प्रश्नही मिटणार. इतकं उघड त्याने स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. पण होतं ते एवढंच, आणि त्याला आता त्याची लाज वाटली.

"काय काय केलंस?"

"फिल्टर बदलला. गिअरबॉक्सचं तेल बदललं."

"तेल कमी पडलं काय?"

"छ्या." बसवराजची मान पुन्हा ताठ झाली. "कांडी घालून बघितलं मी. बरोबर खुणेपर्यंत हुतं."

उस्तादांनी कात्री खाली ठेवली आणि ते गुडघ्यावर हात देत उठले. बॉनेट उघडायला लावलं. गिअरबॉक्सचं तेल मोजायची कांडी ओढून काढली, फडक्याने लख्ख पुसली, चष्म्याच्या अगदी जवळ नेली.

"ह्याच्यावर कायतरी कोरलंय."

"असतंय ते कंपनीचं."

"मला इंग्रजी येत न्हाई. वाच."

बसवराजने कांडी घेतली. अक्षरं मुंगीएवढी. पहिला शब्द त्याने वाचला, दुसरा वाचला, आणि त्याचे ओठ हलायचे थांबले.

"मोठ्यानं."

"तेल... गाडी गरम असताना... इंजिन चालू ठेवून तपासा."

...

"आणि तू?"

"बंद करून. पार थंड झाल्यावर."

साध्या गिअरबॉक्सचं तेल बंद, थंड गाडीतच बघायचं. हे त्याला याच चिंचेखाली शिकवलेलं, आणि अकरा वर्षं त्याचा हात तेच करत आलेला. दहा दिवसांपूर्वीही हात सवयीने तेच करून मोकळा झाला. डोळ्यांनी खूण पाहिली, अक्षरं पाहिली नाहीत.

"इंजिन चालू झालं की ह्यात तेल आत वर ओढलं जातंय, उस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला. "मग खाली उरतंय ते कमीच. चढाला तर आणखी मागं सरकतंय."

"मला काय सांगतोस? चालू कर."

त्याने गाडी चालू केली. उस्तादांनी कांडी आत घातली, बाहेर काढली. टोकाला जेमतेम ओल. खूण कुठल्या कुठे वर, कोरडी ठणठणीत.

टोकावरचा थेंब त्यांनी बोटावर घेतला, हुंगला, आणि ते बोट बसवराजच्या नाकाखाली धरलं.

"जळल्याचा वास हाय?"

बसवराजने श्वास ओढला. प्लेटा जळाल्या असत्या तर तेल काळं पडलं असतं आणि वासाने डोकं उठलं असतं. थेंब लालच होता.

"न्हाई."

"परत बघ."

"न्हाई, उस्ताद. खरंच न्हाई."

तो गाडीला टेकून उभा राहिला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्याला त्या घडीला समजलं.

उस्तादांची स्कूटर घेऊन तो बायपासला गेला आणि योग्य तेलाचे दोन डबे घेऊन आला. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओतलं. लिव्हर एकेका गिअरमध्ये फिरवून पुन्हा कांडी पाहिली, पुन्हा ओतलं. खुणेला तेल लागेपर्यंत हेच चाललं.

मग सामानगडाचा चढ. उस्ताद शेजारी बसले, डोळे मिटून, कान देऊन.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. इंजिन ओरडलं नाही. गाडी एकेक गिअर शांतपणे पकडत वर निघाली. तिसऱ्या वळणावर बसवराज एकटाच हसायला लागला आणि त्याला ते थांबवता येईना.

वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. उस्तादांनी तोंड दरीकडे फिरवलं.

"डॉक्टर, गिअरबॉक्स चांगला हाय. बदलायचा न्हाई, खोलायचा पण न्हाई. तेल कमी हुतं, एवढंच."

इथे थांबता आलं असतं. तेवढंही खरंच होतं.

...

"कमी मीच घातलं हुतं. बघायची रीत चुकली माझी."

 

"बसूभाऊ," डॉक्टर म्हणाल्या, "आठवडाभर मला वाटतंय, आपलं फिरणं संपलं आता. उद्या वाड्यांवर लशी द्यायच्या आहेत. गाडी मिळेल?"

"आत्ता घेऊन येतो."

"ये. आणि आता तरी नीट घातलंयस ना?"

"तीनदा बघितलंय."

त्या हसल्या. मोठ्याने, पोटातून हसल्या, आणि ते हसू फोनमधून उस्तादांपर्यंत पोचलं.

उतारावर गाडी हलकी चालली होती. बसवराजही हलका झाला होता. आता त्याला बोलावंसं वाटत होतं.

"उस्ताद, ह्या गिअरबॉक्सचं तुम्हाला कसं काय कळलं?"

"कुठं कळलंय? जन्मात उघडला न्हाई मी असला."

"मग विचारत कसं गेला एकेक?"

"माहीत नव्हतं म्हणून."

 मनात राहिलेलं शेवटचं कुसळ त्याने मग काढूनच टाकलं.

"पण एक बोलू? दोन महिने डॉक्टरांचे हाल झाले असते, ते खरं. तरी नवा बसवला असता तर गाडीचं दुखणं कायमचं मिटलं असतं. व्हय की न्हाई?"

उस्तादांनी खिडकीची काच खाली केली. वारा आत आला.

"त्या नव्यात तेल कोण घालणार हुतं?"