बगळेगुरुजींचा मासा

तळ्याकाठचे प्राणी आपली पोरं शाळेत घालायचे, तेव्हाची गोष्ट. बगळेगुरुजी तिथे मातीकाम शिकवायचे. शुभ्र पंखांना डाग नको म्हणून ते स्वतः मातीला हात न लावता काडीनेच कोरायचे. एकदा खवलेबिवले कोरलेला मासा समोर ठेवून ते म्हणाले, "अस्साच करा! आणि अंग बरबटाल तर खबरदार!"

चिचुंद्रीच्या लेकीला धड दिसायचं नाही. तिने माती थापटली, गालाला लावली, बोटांतून पिळली आणि पाणी चोळून एक लांबुळका गोळा केला.

"हा मासा?" गुरुजी गरजले. "ना डोळा, ना खवला!"

"बघू नका ना, गुरुजी! डोळे मिटून चाचपा. काल तळ्यात माझ्या हातून निसटला, तो अस्साच होता."

डोळे मिटून एका पायावर उभं राहायची गुरुजींना सवय होतीच. त्यांनी दुसरा पाय पुढे केला. पायाखालून गार, बुळबुळीत काहीतरी सुळकन सटकलं, आणि गुरुजींनी खटकन चोच मारून ते गिळलंसुद्धा!

सगळा वर्ग खो खो हसला. गुरुजींनी आपल्या कोरीव माशाकडे पाहिलं. त्याला बघून त्यांच्या तोंडाला कधी पाणी सुटलं नव्हतं.

"पोरी, सरक जरा," चिखलाची चोच पुसत ते म्हणाले आणि मातीत फतकल मारून बसले.