फुटाण्याचं अंथरूण

फार पूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हा, अलीकडच्या काठावरच्या गावात एक गोधडीवाली राहत होती. वयाने लहान, पण टाका इतका बारीक की लोक लांबून जुनी लुगडी घेऊन तिच्याकडे यायचे. घरात ती आणि तिचा कुत्रा फुटाणा. तापल्या वाळूतल्या फुटाण्यासारखा सारखा उडायचा, म्हणून ते नाव.

एक दिवस पलीकडच्या काठावरून निरोप आला. बहिणीला मुलगी झाली! पाच दिवसांनी बारसं!

गोधडीवाली आनंदाने टाळ्या पिटत घरभर फिरली. फुटाणाही तिच्यामागे भुंकत फिरला. मग ती एकदम थबकली. नावाडी कुत्र्याला नावेत घेत नसे. शेजारच्या मावशीकडे चार मांजरं होती. मग फुटाण्याला ठेवायचं कुठे?

टेकडीवर एक आबा राहत. गावाला जाणाऱ्यांची कुत्री ते सांभाळायचे. त्यांच्या अंगणाला सगळे 'भूभूंची धर्मशाळा' म्हणत. गोधडीवाली धापा टाकत तिथे पोचली.

आबा म्हणाले, "ठेवीन की. पण तीन गोष्टी ऐक, पोरी. एक, रोज थोडा वेळ त्याला इथे आण, म्हणजे जागा ओळखीची होईल. दोन, त्याचं खाणं घरचंच दे. तीन, त्याचं अंथरूण जसंच्या तसं आण. आणि माझा एक नियम आहे. जो कुत्रा माझ्या अंगणात एकदा तरी पोटभर जेवत नाही, त्याला मी मुक्कामाला ठेवत नाही. उपाशी जीव सांभाळायची मला भीती वाटते."

"जेवेल हो आबा! ताटसुद्धा चाटेल!"

पहिल्या दिवशी फुटाणा फाटकातूनच परतला. दुसऱ्या दिवशी आत जाऊन एका लंगड्या कुत्रीशी खेळला. तिसऱ्या दिवशी तर दोरी ओढत तोच पुढे; खेळायच्या नादात खायला मात्र थांबलाच नाही. गोधडीवालीला वाटलं, जमलं!

राहिलं अंथरूण. ती होती एक मळकी चिंधी. कडा चावलेल्या, वास तर असा की मावशी नाकाला पदर लावायची. गोधडीवालीने ती उचलली आणि तिलाच लाज वाटली. धर्मशाळेत चार गावचे लोक येणार. गोधडीवालीचा कुत्रा चिंधीवर झोपतो, म्हणतील! उद्या कोण शिवायला देईल?

तिने चिंधी रिठ्याच्या पाण्यात खळखळून धुतली, कडक उन्हात वाळवली आणि आत भराव म्हणून घालून वर नवं लाल कापड शिवलं. चारी बाजूंना मोराचे टाके घातले. मावशी म्हणाली, "बाई गं, यावर तर नवरदेव बसवावा!"

बारशाच्या आदल्या दिवशी, नवं लुगडं नेसून, ती फुटाण्याला घेऊन टेकडीवर गेली. नाव दुपारी सुटणार होती. त्यानंतर दुसरी नाव बारसं उरकल्यावरच.

लाल गोधडी अंथरली. लोक वाहवा करू लागले. फुटाण्याने एकदा हुंगलं, मागे सरकला आणि भिंतीशी उघड्या दगडावर जाऊन बसला. पुढ्यात दूधभाकरी ठेवली. त्याने तोंड फिरवलं.

"खा ना रे राजा," ती रडवेली झाली. "माझी भाची वाट बघतेय!"

आबांनी गोधडी उचलून नाकाशी नेली. "पोरी, ही धुतलीस?"

"हो. घाणेरडी होती."

"ते तुझ्या डोळ्यांना. त्याच्या नाकाला ते घर होतं. अंगण खेळण्यापुरतं ओळखीचं झालंय, पण जेवून निजायला ते अजून परकंच, आणि हुंगायला घरचं काहीच नाही."

गोधडीवालीने जीभ चावली. मग नव्या लुगड्याचा ओचा खोचून टेकडीवरून धूम पळत सुटली. दारात मावशी गोधडीवालीचं कालचं लुगडं धुवायला बादलीत बुडवायच्या बेतात होती.

"मावशी, थांबा!"

"अगं, घामाने कडक झालंय! वर भाकरीचं पीठ!"

"म्हणूनच हवंय!"

"मळकं लुगडं मिरवत निघालीस? लोक हसतील गं!"

"हसू देत!"

लोक हसलेच. तिने मान खाली न घालता ते मळकं लुगडं मोरांच्या टाक्यांवर पसरलं. फुटाण्याने कान टवकारले. हुंगलं. तीन गिरक्या घेतल्या, लुगड्यात नाक खुपसून बसला, आणि मग उठून दूधभाकरीची थाळी अंगणभर ढकलत चाटून पुसून साफ केली.

"जा आता," आबा म्हणाले. "नाव सुटेल!"

ती धावली. नावाड्याने दोर सोडला आणि तिने उडी मारली.

चार दिवसांनी ती परतली तेव्हा फुटाणा अंगणात धुळीने माखला होता. तो बाणासारखा आला आणि अचानक थांबला. तिचा पदर त्याने इकडून हुंगला, तिकडून हुंगला. तिथे दुधाचा, काजळाचा, एका इवल्या जिवाचा वास होता. मग त्याची शेपटी अशी हलू लागली की सगळं अंग हललं. ती तोंडाने सांगायच्या आधीच भाचीची बातमी त्याला कळली होती.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी तयारी करायची, त्याला काय हवं ते पाहावं; बघ्यांसाठी केलेली तयारी बघण्यापुरतीच उरते.