करकोच्यानं आणलेलं इंजिन

टिटवीचं कुणीही खरं मानलं नाही. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर गोष्ट संपता संपता तुम्हीही तिच्याच नावानं बोटं मोडाल. ती घसा फुटेस्तोवर ओरडत होती आणि सगळं रान म्हणत होतं, "टिटवीच ती. पान पडलं तरी ओरडते." आता खोटं कशाला बोलायचं, पान पडलं तरी ती ओरडायचीच. पण त्या दिवशी पान पडलं नव्हतं.

तर असंच एक जंगल होतं आणि तिथल्या तळ्याच्या काठी ही टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांत अंडी घालते. ऊन तापलं की पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. पाणी जवळ असेल तर अंडी जगतात. पण ऊन तापलं की तळं आटायचं. खालच्या दरीत बारमाही डोह होता, पण त्यात मगर, म्हणून जनावरं तिकडं फिरकत नसत. टिटवी उडून गेली असती, पण तिथून परत येईपर्यंत वाटेतच पिसं वाळायची. म्हणून दरसाल पळस फुलला की सगळी जनावरं मिळून ओढ्याच्या वाळूत झिरा खणायची. रानडुक्कर नाकानं खणे, अस्वल पंजांनी वाळू उपसे, ससे ती मागं लोटत. खणत राहिलं की खड्ड्यात गोड पाणी पाझरे. हात थांबला की झिरा बुजे. कंटाळवाणं काम, पण त्याच्यावर रान जगत असे.

त्या साली पळस फुलला तेव्हा करकोचे परत निघाले होते. हे पक्षी थंडीला डोंगरांपलीकडच्या परमुलखातून येतात आणि ऊन लागलं की जातात. निघता निघता एका करकोच्यानं खोक्यात घातलेलं, पाणी उपसायचं इंजिन पुढं केलं. लालभडक, चकचकीत, भोपळ्याएवढं. "आमच्याकडं ढिगानं मिळतात," तो म्हणाला. "नळी डोहात सोडा, दोरी ओढा, पाणी तळ्यात." बदल्यात त्यानं मागितलं मधाचं एक पोळं. रानात थोरलं होतं अस्वल. एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही.

मोहाची फुलं टपटपत होती. त्या वासानं सगळं रान अर्ध्या झोपेत होतं. आभाळ दुधाळ झालं होतं, झाडं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. करकोच्यानं पंख पसरले आणि वर जाता जाता तो म्हणाला, "आधी बाटली पोटात, मग दोरी." ससा पेंगत होता. अस्वल फुलं चघळत होतं. ऐकलं एकट्या टिटवीनं, कारण अंड्यांवर बसलेली आई झोपत नसते.

आता त्या रानाची रीत अशी, की नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही. इंजिन दगडावर बसवलं, नळी वरूनच डोहात सोडली, पळसफुलांचा हार घातला. सोबत आलेल्या डब्यातलं पेट्रोल त्याच्या टाकीत ओतलं. खोक्यात तेलाची एक बुटकी बाटली होती. अस्वलानं ती उघडून हुंगली. "बघा," ते म्हणालं, "दिव्याचं तेलसुद्धा दिलंय. करकोचे जातीचे भले."

"अस्वलदादा, ते दिव्याचं नाही," टिटवी ओरडली. "ते इंजिनाच्या पोटात घालायचं. करकोचा म्हणाला तसं."

"मला नाही म्हणाला तो?"

"तू फुलं खात होतास."

"टिटवीबाई, शुभकार्यात तोंड मिटून बसावं. तुझा आवाज आधीच अपशकुनी."

ससा हसला. "आत्ताच तर टाकीभर पेट्रोल पाजलंय. आणखी किती पाजायचं एवढ्याशा जिवाला?"

बाटली दिव्यात रिकामी झाली. दिव्यानं काळाकुट्ट धूर काढला, मागचा दगड काजळून गेला. तेही शुभच ठरलं. मग अस्वलानं दोरी ओढली आणि खरोखर, इंजिन सुरू झालं. डोहाचं पाणी नळीतून चढत आलं आणि तळ्यात पडू लागलं. ती घुमघुम ऐकून वाटावं, मोहाच्या ढोलीत भुंग्यांचं सबंध गाव गात आहे. एकेक जनावर जागच्या जागी कलंडलं. सशाला स्वप्नात हिरवं गवत दिसलं. अस्वलाला दिसलं की तळं मधाचं झालं आहे आणि आपण त्यात पोहतो आहोत.

टिटवीला मात्र त्या घुमघुमीच्या तळाशी वेगळंच ऐकू येत होतं. कोरड्या दातांवर दात घासावेत तसं. "त्याचा गळा सुकलाय रे," ती ओरडली. "बंद करा. आणि ओढ्यावर जाऊन झिरा तरी खणून ठेवा."

रानडुकरानं एक डोळा उघडला. "आता झिरा कशाला? किती वर्षांनी नाकाला सुट्टी मिळालीय."

त्याचा डोळा मिटतो न मिटतो तोच इंजिन किंचाळलं, आत काहीतरी धाडकन अडकलं आणि ते गप्प झालं. अस्वलानं दोरी ओढली. दोरी येईना. पाय रोवून ओढली तर दोरीबरोबर अख्खं इंजिनच दगडावरून निघालं आणि अस्वल हारासकट उताणं पडलं. कुणी हसलं नाही. पाणी थांबलं होतं.

"स्वस्तातलं ते स्वस्तातलं," रानडुक्कर म्हणालं.

"आणि सकाळपासून ओरडत कोण होतं?" ससा म्हणाला. "नजर लागली इंजिनाला. टिटवीबाई, तू इथून जा."

"अंडी घेऊन कशी जाऊ?" टिटवी म्हणाली. "पंखाखाली खिसे आहेत का मला?"

तळ्यात चढलेलं थोडंसं पाणी उन्हानं चाटून नेलं. जनावरं सावलीत पडून राहिली आणि मिटल्या डोळ्यांनी पाण्याची स्वप्नं बघत राहिली. अंड्यांखालचे खडे निखाऱ्यासारखे झाले. टिटवी डोहाकडं उडाली, पोट भिजवून परत आली, तर एक थेंब उरला नव्हता. मग तिनं अंड्यांकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं आणि वाळूत जाऊन आपल्या काडीएवढ्या पायांनी झिरा उकरू लागली. उकरावं तेवढी वाळू पुन्हा आत घसरायची. ती ओरडायची आणि उकरायची. अंड्यांवर सावली धरून परत यायची आणि पुन्हा उकरायची.

शेवटी रानडुकराला तो आवाज सहन होईना. ते उठून आलं. "मावशे, या पायांनी खणशील तर पुढच्या पावसाळ्यात पाणी लागेल."

"मग तुझं नाक काय मिरवायला ठेवलंयस?"

रानडुकरानं मुकाट्यानं नाक वाळूत घातलं. ते खणायला लागलं, तशी बाकीची लाजून उठली. संध्याकाळ झाली तेव्हा खड्ड्याच्या तळाशी आभाळाचा एवढासा तुकडा चमकला. ते पाणी होतं. पहिल्यांदा त्यात टिटवी बसली आणि तिला कुणी अडवलं नाही. भिजल्या पोटानं ती धावतच अंड्यांवर गेली. चार अंड्यांतून पिल्लं निघाली ती तीन. चौथं अंडं फुटलं नाही. पिल्लं गवतात पळू लागली तरी टिटवी त्याच्यावर बसून राहिली. मग एक दिवस उठली आणि मागं न बघता गेली.

थंडी पडली आणि करकोचे परतले. अस्वल वाटच बघत होतं. "तुझं इंजिन खोटं निघालं," ते म्हणालं. "स्वस्तात दिलंस तेव्हाच ओळखायला हवं होतं."

करकोच्यानं इंजिनाचं झाकण काढलं, लांब चोच आत घालून बाहेर काढली आणि सगळ्यांना दाखवली. चोच कोरडी ठणठणीत होती. "स्वस्तातलं आहे, कबूल. जन्मभर टिकलं नसतं. पण याच्या पोटात तेल कधी गेलंच नाही. जाताना सांगून गेलो होतो. बाटली कुठं आहे?"

पूजेच्या दगडावर काजळी अजून तशीच होती. ससा त्या काजळीकडं बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "टिटवीबाई, तू सांगत होतीस." सगळं आयुष्य ओरडण्यात गेलेली ती, त्या दिवशी मात्र एका पायावर गप्प उभी राहिली. रानातले सगळे डोळे एकाच्याच तोंडाकडं वळले होते.

तात्पर्य : वस्तू स्वस्तातली असो की महागाची, तिला हार नको, तेल हवं, नवं घरात आलं म्हणून जुना झिरा बुजू देऊ नये, आणि कुणाचा आवाज कानाला टोचला, तरी तो काय सांगतो आहे ते आधी ऐकून घ्यावं. राहता राहिलं ते चौथं अंडं. त्याचा दोष टिटवीचा नाही, करकोच्याचा नाही, इंजिनाचाही नाही. ज्यानं पोटात घालायचं तेल दिव्यात जाळलं त्याचा, आणि त्याचं नाव अस्वल.