फाटक्या व्याकरणाची बाजू

ऱ्हाइन नदीकाठच्या एका गावात ओडिला नावाची विधवा नवऱ्यामागे छापखाना चालवायची. कुण्या प्राचीन पंडिताचं लॅटिन व्याकरण ती छापायची, शाळेतली पोरं ते घोकायची. बाईनं धंदा केला की कुणाच्या तरी डोळ्यांत सलतंच. इथे ते मठाधीशांना सललं. पोथ्या हातानंच लिहाव्यात, हा त्यांचा हेका. छापखाना बंद करायला लावण्यासाठी ते नगरप्रमुखांकडे गेले.

भर सभेत त्यांनी तिचं एक पुस्तक आपटलं. पानं लोंबत होती, वर लोण्याचे डाग.

"वर्षभरात ही दशा! आणि ही आमची त्याच व्याकरणाची पोथी, शंभर वर्षांची. एक सुरकुती दाखवा!"

ओडिलाला पोथीला लटकणारी साखळी दिसली. कुणी नेऊ नये म्हणून मठात पोथ्या फळीला जखडून ठेवत.

"महाराज, ही पोथी वर्षभर शाळेत द्या. अशीच परत आली, तर छापखाना मीच मोडते."

मठाधीशांनी पोथी छातीशी धरली. "त्या कार्ट्यांच्या हातात? शुद्धीवर आहेस ना, बाई?"

"पंडितानं ती कार्ट्यांसाठीच लिहिली होती, महाराज. तुम्ही ती त्यांच्यापासूनच जपलीत."

नगरप्रमुखांनी ते फाटकं पुस्तक उचलून लोंबती पानं नीट लावली. मग हळूच म्हणाले, "ओडिलाबाई, नव्या प्रती कधी देताय?"