साक्षीचा बैल

फार फार मागची गोष्ट. आपल्या पडवळवाडीत तेव्हा विहीर नव्हती की धड रस्ता नव्हता, पण औषध सांगणारं माणूस मात्र घरटी एक होतं. गुडघा दुखतो म्हणायची खोटी, चारजण चार पाले घेऊन दारात हजर. आणि या सगळ्यांना कंटाळलेली एक बाई गावात राहत होती. तिचं नाव धुरपाक्का.

धुरपाक्का गुरांचं औषधपाणी करायची. असं म्हणतात, ती वैतागली की पिंपळावरचे कावळे उठून पलीकडच्या गावात जाऊन बसायचे. आणि ती रोजच वैतागायची. कुणी कौतुकानं सांगावं, "आक्का, म्हशीला रुईचा चीक लावला आन् ती बरी झाली बघ," की धुरपाक्का विचारायची, "आन् नसता लावला तर?" माणूस डोकं खाजवत निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा पाला घेऊन परत यायचा.

एका साली ऐन पेरणीच्या तोंडावर गावातल्या बैलांचे खांदे सुजले. जू घासलं तिथं सूज, सुजेत पू. बैल मानेवर जू घेईनात. पेरणी अडली म्हणजे वर्ष गेलं, हे लहान पोरालाही कळत होतं. मग काय, गावानं दिसेल तो पाला वाटला. त्यात राख कालवली, तूप कालवलं, कुणी गूळसुद्धा घातला. एकेका बैलावर पाच-पाच लेप बसले. काही बैल बरे झाले, काही आडवे झाले, आणि कशानं काय झालं ते कुणालाच सांगता येईना.

"कसं सांगता येईल?" धुरपाक्का ओरडली. "पाच जण एका ताटात जेवले, आन् मला विचारता भाकरी कुणी संपवली!"

तिनं आपल्या अंगणात मडकी मांडली. हाडं उकळून त्यांचं पाणी सगळ्या मडक्यांत ओतलं. प्रत्येक मडक्यात एकेका पाल्याचा रस घातला, आणि एक मडकं तसंच ठेवलं, नुसत्या हाडांच्या पाण्याचं. जे मडकं नासणार नाही, त्यातला पाला पुवाला भारी पडेल, असा तिचा हिशोब होता. सकाळी उठून ती एकेका मडक्याचा वास घ्यायची. तर एका सकाळी त्या मोकळ्या मडक्यात तुळशीची पानं तरंगताना दिसली. शेजारची गोदा म्हणाली, "एकलंच बिचारं मोकळं व्हतं. मला वाटलं तू इसरलीस."

धुरपाक्कानं सगळी मडकी ओतून दिली आणि पहिल्यापासून मांडली.

अखेर दगडीपाल्याचं मडकं तेवढं नासलं नाही. असं म्हणतात, पुढच्या पोळ्यापर्यंत त्या मडक्याला वास आला नाही आणि त्यावर माशी बसली नाही.

पण मडकं वेगळं आणि बैल वेगळा, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोंडिबाची जोडी निवडली. कोंडिबा मोठा मायाळू माणूस. धुरपाक्कानं त्याला समजावलं, "हरण्याच्या खांद्याला पाला लावायचा. पवळ्याला नुसतं कोमट पाणी."

"पवळ्यानं काय पाप केलं, आक्का?"

"पाप न्हाई केलं. तो साक्षीला हाये. तो हाये म्हनून पाला खरं बोलतोय का खोटं, ते कळंल."

कोंडिबानं मान हलवली. काही दिवसांनी बघते तर दोन्ही बैलांची सूज सारखीच उतरलेली. धुरपाक्का चक्रावली. म्हणजे पाला काहीच कामाचा नाही, कोमट पाण्यानंच भागतं? तिनं पाला टाकून दिला आणि गावाला नुसत्या पाण्यानं खांदे शेकायला सांगितलं. गावानं ऐकलं. आणि तेलंगेवस्तीवरचे दोन बैल मेले.

ती धावत कोंडिबाच्या गोठ्यात गेली. पवळ्याची मान उचलून नीट पाहिली. केसांच्या मुळाशी हिरवा डाग होता.

"लावलास?"

"तू वढ्यावर गेलीस की लावायचो," कोंडिबा खाली बघत म्हणाला. "बघवंना, आक्का. तो माझ्याकडं बघायचा."

असं म्हणतात, त्या दिवशी धुरपाक्का काहीच बोलली नाही. शेणात तशीच खाली बसली. कावळे पिंपळावर उठायच्या तयारीत वाट बघत राहिले, आणि गाव भ्यालं, कारण तिला गप्प बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मग ती उठली आणि स्वतःची जोडी बाहेर काढली. खांदे त्यांचेही सुजलेले होते. एकाला तिनं पाला लावला. दुसरा मोरा, तिनं हातानं वाढवलेला, त्याला नुसतं पाणी. आणि काठी घेऊन ती मोऱ्यापुढं बसली, कुणी दया दाखवायला येऊ नये म्हणून. कुणी म्हणतं, ती काठी तिनं स्वतःसाठीच घेतली होती. मोरा तिचा पदर चाटायचा, ती तोंड फिरवायची आणि गावाला शिव्या द्यायची.

जोडीदाराची सूज उतरली. मोऱ्याची मान सुपाएवढी झाली. तेव्हा धुरपाक्का किंचाळली, "बघा! आता तरी डोळे उघडून बघा!" आणि दोन्ही हातांनी तिनं मोऱ्याला पाला फासला. गावानं दगडीपाला नेला, बैल उठले, उशिरा का होईना पेरणी झाली. मोरा वाचला, पण त्याची मान वाकडी राहिली. तो पुन्हा जुवाला लागला नाही. धुरपाक्कानं त्याला शेवटपर्यंत बसवून खाऊ घातलं.

कोंडिबा एकदा म्हणाला, "आक्का, मोऱ्यालाबी पहिल्याच दिवशी लावला असतास तर?" तिनं हातातलं मडकं त्याच्या दिशेनं भिरकावलं. असं म्हणतात, खापऱ्या पडल्या तिथं तिथं दगडीपाला उगवला.

तिला न्यायला यम आला तीही गोष्ट सांगतात. रेड्याच्या खांद्याला गाठ होती. धुरपाक्कानं बघितली आणि विचारलं, "जोडीचा कुठाय? एकट्यावर काय कळनार?" यम दुसरा रेडा आणायला परत गेला, आणि तो मिळेपर्यंत ती आणखी बरीच वर्षं जगली.

आता पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, तेव्हा पडवळवाडीत आधी ओढ्याकाठच्या दोन दगडांकडे जातात. एका दगडाला पाल्याचा लेप, दुसऱ्यावर नुसतं कोमट पाणी. दर साली कुणीतरी नवी सून, कुणाचा तरी जावई, त्या नुसत्या पाण्याच्या दगडालाही बोटभर लेप लावतोच. "बिचारा तसाच राहिला होता," म्हणतो. मग सगळा गाव मिळून त्याला झापतो, अगदी मनापासून. दगड धुतात, पुन्हा पहिल्यापासून मांडतात. उलट बोलायचं नाही, ती बोलणी हाच धुरपाक्काचा प्रसाद. आणि झापून झालं, की त्याच माणसाच्या हातात काठी देऊन त्याला त्या दगडाशी राखणीला बसवतात.