पाठींचं घर

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की माझ्या आज्यालाही ती ऐकूनच ठाऊक होती.

डोंगराखालच्या एका नगरात एक नामी वैद्य होते. त्यांचा हात लागला की दुखणं पळतं, असं लोक म्हणत. हळूहळू वैद्यांनाही ते खरं वाटू लागलं.

एका हिवाळ्यात त्यांच्या ओसरीवर केरसुण्या विकणारी बाई आली. अंगात ताप, छातीत घरघर. वैद्यांनी मुळ्यांची पुडी दिली. म्हणाले, "काढा उकळून ऊन ऊन घे. पडून राहा."

बाई जरा घुटमळली. मग "बरं, बाबा," म्हणून गेली.

थोड्या दिवसांनी ती परत आली, ती एका लंगड्या सोबत्याच्या खांद्यावर भार टाकून. वैद्य कडाडले, "काढा घेतलास का?"

"मुळ्या चावल्या, बाबा."

"उकळायला काय झालं होतं?"

"चूल कुठं हाय मला?"

"आणि पडून राहा म्हटलं होतं ते?"

लंगडा हसला. "पडलीच हुती की, म्हाराज. वेशीभायेर, आभाळाखाली. वाऱ्याला तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

वैद्य वरमले. नवी पुडी देत हलकेच म्हणाले, "आता छातीला वारा लागला, तर ही वाचायची नाही."

ती दोघं गेली. वैद्यांना मात्र चैन पडेना. दिवस मावळताना शेगडी आणि मडकं घेऊन ते वेशीबाहेर गेले, आणि जागीच थांबले.

वाऱ्यानं झाडं वाकत होती. अशा वाऱ्यात भिकारी, आंधळे, लेकुरवाळ्या, सगळे बेघर खांद्याला खांदा लावून गोल बसले होते. पाठी वाऱ्याकडे. मध्ये ती बाई निजली होती. तिच्या उशाशी केरसुणीची एक काडी पडली होती. ती काडी हलत नव्हती.

वाऱ्याकडचा कुणी काकडला, की न सांगता दुसरा उठून त्याच्या जागी बसे.

वैद्यांनी राजाचे महाल पाहिले होते. असं घर पाहिलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

लंगडा म्हणाला, "तुमीच म्हणाला न्हवं, वारा लागू द्याचा न्हाई? या, बसा. या भिंतीत एक जागा हाय."

वैद्यांनी मध्ये शेगडी पेटवली, काढा चढवला, आणि वाऱ्याकडे पाठ करून त्या भिंतीत बसले.

बाई वाचली. पुढं वैद्यांनी आपल्या ओसरीला भिंती घातल्या, आत चूल मांडली. मग कुणीही आजारी आला, की नाडी धरण्याआधी ते विचारत, "बाबा रे, निजतोस कुठं?"

म्हणून सांगतो लेकरांनो, ज्याला घर नाही, त्याला औषधाच्या आधी आडोसा द्यावा.