सरकारांचा लाल फिल्टर

"गाडी पेट्रोल पीत नसेल, तर मग तू पितेस!" रणधीररावांनी काठी आपटली.

सोनगिरीचं संस्थान जाऊन जमाना लोटला होता, पण रणधीरराव अजून 'सरकार'च होते आणि त्यांचा हट्टही संस्थानी होता. महिन्यापूर्वी त्यांनी आपल्या दांडग्या जीपगाडीला नवा एअर फिल्टर बसवून घेतला होता. लालभडक, शंकूसारखा, त्याला चकचकीत पाइप! बसवणारे डिंगणकर छातीठोकपणे म्हणाले होते, "सरकार, गाडी मोकळा श्वास घेईल. लिटरला नऊ देतेय ना? बारा देईल!"

महिना झाला. गाडी लिटरला नऊच देत होती. डिंगणकरांचा फिल्टर खोटा ठरणं शक्य नव्हतं, कारण तो सरकारांनी स्वतः निवडला होता. म्हणजे चोर एकच. ड्रायव्हर हौसा!

हौसा जगदाळे शेतकऱ्याची पोर. ट्रॅक्टरवर हात बसला, आणि तीन वर्षांपूर्वी राजवाड्यावर नोकरीला लागली. आजवर तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. ती सरळ सरकारांसमोर येऊन उभी राहिली.

"सरकार, चोरी केली असेल तर आत्ता पोलिसात द्या. नसेल तर शब्द मागे घ्या."

"परीक्षा घेतो!" सरकार म्हणाले. "उद्या कराडला जाऊन यायचं. बरोबर एकशे चव्वेचाळीस किलोमीटर. मी आणि डिंगणकर गाडीत बसणार. बारा लिटरच्या वर एक थेंब गेला, तर किल्ल्या ठेवायच्या आणि घरी जायचं!"

"आणि बारात भागलं तर?"

"मागशील ते देईन!"

"कबूल. पण एक अट आहे. परीक्षा फिल्टरची आहे ना? मग पंपापासून पंपापर्यंत सरकारांनी मौन पाळायचं. काठी घरी ठेवायची. एक शब्द निघाला, तर परीक्षा रद्द आणि माझी नोकरी पक्की."

"हॅ! त्यात काय अवघड आहे?" सरकार म्हणाले. डिंगणकर नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. सरकारांनी टाकीच्या झाकणावर स्वतः लाखेचं सील ठोकलं, वर अंगठीचा ठसा उमटवला आणि मागच्या सीटवर जाऊन गप्प बसले.

गाडी निघाली. हौसाने काटा साठाच्या आसपास ठेवला. गतिरोधक दिसला की ती लांबूनच पाय उचलायची. ब्रेकवर उभं राहणं नाही, की उगाच रेटणं नाही. एक एसटी पुढे गेली. सरकारांचा हात काठी शोधू लागला, पण काठी घरी! पाठोपाठ साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी धूळ उडवत पुढे गेली, वर चेअरमननी काच खाली करून नमस्कारही केला! सरकारांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं.

"आवाज ऐका, सरकार!" डिंगणकर खुशीत म्हणाले. "कसा मोकळा श्वास घेतेय! हा आवाज साध्या फिल्टरला यायचा नाही!"

सरकारांनी मान डोलावली.

दुपारी गाडी परत पंपावर आली. लाख शाबूत होती. सील फोडलं, टाकी पुन्हा काठोकाठ भरली. आकडा थांबला तो पावणेबारावर!

"बारा दिले! वर थोडं अधिकच!" डिंगणकरांनी टाळी वाजवली. "हा आमचा फिल्टर!"

"शाब्बास!" सरकारांना अखेर तोंड फुटलं. "हौसा, बघितलंस? रोज हेच द्यायला काय झालं होतं?"

हौसाने सीटखालून कापडी पिशवी काढली आणि पंपाच्या कट्ट्यावर उपडी केली. लाल फिल्टर आणि चकचकीत पाइप खणखणत बाहेर पडले.

"हा घ्या, सरकार. सकाळीच काढला. गाडीला कंपनीचा जुना कागदी फिल्टर आहे. सरकारांनी टाकीला सील लावलं, बॉनेटला कुणी लावलं नाही!"

डिंगणकरांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि तसेच वाकून राहिले.

"मग तो मोकळा श्वास?" सरकारांनी विचारलं.

"तो डिंगणकरांच्या कानात होता," हौसा म्हणाली. "सरकार, हवेचं दार ड्रायव्हरच्या पायाखाली असतं. पाय दाबू तेवढीच हवा आत जाते, आणि त्या हवेला पुरेल एवढंच पेट्रोल गाडीचा कॉम्प्युटर सोडतो. बाहेर फिल्टर लाल लावा नाहीतर सोन्याचा, पाय नाही उचलला तर पेट्रोल जायचंच!"

"आणि रोज पाय उचलायला तुला कोणी अडवलं होतं?"

"मागच्या सीटवरच्या काठीनं! मिनिटाला एकदा पाठीत बसते, आणि वर 'हाण, हाण!' हे पेट्रोल त्या 'हाण'नं प्यायलं, सरकार. चोर पकडायचा तर आरसा आणते."

सरकारांच्या मिशा थरथरल्या. आणि मग ते असे खदखदून हसले की उपरणं खांद्यावरून घसरलं!

"डिंगणकर, हा घेऊन जा. पाऊस आला तर डोक्यावर घाल! आणि हौसा, कालचा शब्द मी मागे घेतला. चारचौघांत घेतला. आता माग."

"दर रविवारी ही गाडी मला द्या. गावातल्या बायकांना ड्रायव्हिंग शिकवायचंय."

"माझ्या गाडीवर? अगं, या गावातली कोणती बाई शिकायला येणार आहे?"

"एक नाव आलंय, सरकार."

"कोणाचं?"

"राणीसरकारांचं!"

सरकार पुन्हा हसले, या वेळी जरा जपून, आणि गाडीच्या स्वतःजवळच्या दुसऱ्या किल्ल्याही त्यांनी तिथल्या तिथे हौसाच्या हातात ठेवल्या.